अंजनेरी, विमल आणि खिचडीतली कोथिंबीर

ईशान, मुक्ता,

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदम ओरडून विचारलंत, "आजी, तू खरंच डोंगर चढलीस?" मी "हो" म्हणाले आणि लाइन तुटली. त्या एका "हो"मध्ये अख्खा दिवस अडकून राहिला. म्हणून आज जेवणं आटोपल्यावर, टेबल पुसून, नीट बसून लिहिते आहे. अवघड शब्द आले तर आईला विचारा. तिलाही आले नाहीत तर तिच्या शाळेचे पैसे वाया गेले असं मी समजेन.

आधी विमलमावशीबद्दल सांगते. आपल्या घरापासून तिसरा बंगला तिचा. मुक्ता, तुझा लाल लोकरीचा टोपा तिनंच विणलेला. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, काकाही गेले, तरी समोरच्याचा काठ उसवलेला दिसला की तिचा हात आपोआप पुढे जातो. दोन पावसाळ्यांपूर्वी ती अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि पाय मोडला. हाड छान जुळलं, पण तिच्या मुलाच्या, प्रकाशच्या, मनातलं हाड काही जुळेना. तो इथल्या अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आता त्याला पुण्यात नोकरी लागली आहे, जानेवारीपासून. आईला बरोबर न्यायचं आणि इथलं घर भाड्यानं द्यायचं असं त्यानं ठरवून टाकलं. विमलला विचारलं ते ठरवल्यानंतर.

हे सगळं बोलणं आपल्याच व्हरांड्यात झालं.

"आई, तू इथे एकटी राहून काय करणार? साधा जिना चढताना कठडा धरतेस."

"कठडा धरायलाच असतो," विमल म्हणाली. "आणि जिन्याचं काय घेऊन बसलास? अंजनेरी चढून दाखवते."

प्रकाश हसला. त्यानं हसायला नको होतं. "चढ. स्वतःच्या पायांनी वर जा, स्वतःच्या पायांनी खाली ये, कुणाचा हात न धरता. मग मी पुण्याचं नाव काढणार नाही."

"सुधा, ऐकलंस ना? तू साक्षीदार."

मी साक्षीदार व्हायला कधीच नाही म्हणत नाही. पण साक्षीदाराला डोंगर चढावा लागतो हे मला उशिरा कळलं.

फाट्यापासून खळ्यापर्यंत

दिवस शनिवारचा निवडला. अंजनेरी म्हणजे मारुतीचा जन्म जिथे झाला असं इकडचे लोक मानतात तो डोंगर. अंजनी ही त्याची आई, डोंगराला नाव तिचंच. विमल शनिवारी मारुतीचा उपास करते. प्रकाश पाच वर्षांचा असताना टायफॉइडनं महिनाभर अंथरुणावर होता, तेव्हा तिनं हा उपास धरला. प्रकाश बरा झाला, मोठा झाला, त्याचे केस पांढरे व्हायला लागले, तरी उपास चालूच. "आता मारुतीलाही सवय झाली असेल," ती म्हणते. दुपारी थोडं उपासाचं खाते आणि रात्री सोडते.

मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. पाण्याच्या बाटल्या, थर्मासमध्ये चहा, पायाला बांधायची पट्टी, शिट्टी, टॉर्च (दिवसाउजेडी परत यायचं होतं, तरीही). कापडी पिशवीत केळी आणि पेरू. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, दोघींना पुरेल एवढी. विमल फक्त तिची पर्स घेऊन आली. पर्समध्ये सुई-दोरा होता.

त्र्यंबकच्या एस.टी.नं अंजनेरीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन नुकतं पसरत होतं. नाशिकची थंडी तुम्हाला थंडी वाटणार नाही, तुमच्याकडे दाराबाहेर बर्फ असतो. पण इथली थंडी वेगळी असते. ती कोरडी, स्वच्छ असते, आणि तिच्यात शेकोटीच्या धुराचा वास असतो. शेतांवर धुक्याचा पातळ थर होता आणि त्याच्यावर, जणू कशालाच टेकलेला नाही असा, अंजनेरीचा कडा उभा होता. काळा, सरळ, वरून सपाट. मी मान मागे टाकून पाहिलं आणि मनात म्हटलं, आपण बसनं परत जाऊ या.

"काय बघतेस?" विमल म्हणाली. "शिवायला बसल्यावर अख्खा झगा बघायचा नसतो. पुढचा टाका बघायचा."

गाव मागे टाकून कच्च्या रस्त्यानं चालू लागलो. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, खुंट राहिलेले. वरच्या उतारावर नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई निघाली होती. वाटेच्या कडेला मला छान सारवलेलं एक मोठं गोल अंगण दिसलं. आरशासारखं गुळगुळीत. फोटो काढावा म्हणून मी दोन पावलं आत टाकली.

"ओ बाई! पायताण! पायताण काढा!"

एक बाई हातात काठी घेऊन धावत आली. माझ्याच वयाची असेल, पण धावणं तिशीतलं. मी घाईनं मागे सरले. ते अंगण नव्हतं, खळं होतं. नागलीची कणसं झोडपून दाणे काढायची जागा. तिथे चप्पल-बूट घालून पाय ठेवायचा नाही. धान्य ही त्यांची देवी आणि हे तिचं घर. मी माफी मागितली. तिनं शेणाचा हात घेऊन माझ्या बुटांचे ठसे दोन क्षणांत पुसून टाकले आणि मग निवांत चौकशीला बसली. तुमच्याकडे आपण टेकडीवर फिरायला गेलो होतो तेव्हा समोरून येणारे लोक हसून "हाय" म्हणायचे आणि पुढे जायचे. इथे तसं कुणी सोडत नाही.

"कुठून आल्या?"

"नाशिकहून."

"जिमीन बघाया?"

"नाही हो, डोंगरावर."

"नवस हाय का?"

"नवस नाही. मुलाशी पैज आहे," विमल म्हणाली, आणि तिला सगळी हकिकत सांगून टाकली. पाय मोडल्यापासून पुण्यापर्यंत. विमल कुणालाही सगळं सांगते.

ती बाई, सोनाबाई तिचं नाव, काठीला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "लेकाशी पैज! लय भारी. माझा लेक गेला घोटीला, भाताच्या मिलात हाय. मला नेतो म्हनतो. मी म्हनलं, नेशील तवा ह्या खळ्याला कोन सारवील? तुझी बायको? तिला तर शेणाचा वास येतो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली. तिची सून मागे कणसं झोडपत होती, तिनं ऐकलं आणि काठी जरा जोरात आपटली.

"येताना टेका हितं," निघताना सोनाबाई म्हणाली. "आता मळणी चाललीय. पन खळ्यावर आलेलं मानूस आम्ही रिकामं लावत नाय."

वर

पायथ्यापासून वाट चढायला लागते आणि थोड्या वेळानं कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधल्या खिंडीतून पायऱ्या. ऊन तिथे पोचत नाही. दगड इतके गार होते की हात टेकवला की कोपरापर्यंत कळत होतं. विमल खाली मान घालून, एकेक पायरी, घाई न करता चढत होती. मी मागे. हात पुढे धरून चालत होते, पण तिला न लावता. तिनं एकदा मागे वळून पाहिलं.

"हात खाली घे. तू काय मला झेलणार आहेस? दोघी मिळून फाट्यापर्यंत घरंगळू."

वाटेत खडकात कोरलेली एक छोटी गुंफा आहे. आत जैन मूर्ती, शेकडो वर्षांपूर्वीच्या. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा की आपल्याला आपल्या धापांची लाज वाटावी. आम्ही तिथे बसून पाणी प्यायलो. बाहेर कड्याच्या कपारीत पांढऱ्या रेघा दिसत होत्या. मी त्या कशाच्या ते शोधत होते, तेवढ्यात एक मोठा पक्षी कड्यावरून सुटला. पंख न हलवता तो आमच्या डोळ्यांच्या रेषेत तरंगत गेला. गिधाड. पुस्तकात गिधाड नेहमी कुरूप असतं. हवेत पाहिलं की कुणी त्याला कुरूप म्हणणार नाही. मान आखडून, पंखांची टोकं बोटांसारखी पसरून, ते पूर्ण दरी ओलांडून गेलं आणि त्याला एकदाही घाई झाली नाही. विमल म्हणाली, "बघ, याच्यासारखं चालायचं."

खिंड संपली आणि एकदम आकाश उघडलं. मुलांनो, हे मला तुम्हाला दाखवता आलं असतं तर! खालून पाहिलं तेव्हा वाटलं होतं की वर टोक असेल. वर टोक नाहीच. वर एक गावच बसेल एवढं सपाट माळरान आहे. वाळलेलं सोनेरी गवत गुडघ्यापर्यंत, वाऱ्याबरोबर एकाच दिशेनं वाकणारं. आमच्या शाळेत भूगोल इंग्रजीतून शिकवायचे. "डेक्कन ट्रॅप", लाव्हा थरावर थर कसा साचला, हे सगळं मला पाठ होतं. पण कडा, खिंड, माळ हे शब्द मी लग्नानंतर, तुमच्या आजोबांबरोबर फिरताना शिकले. त्या दिवशी दोन्ही शिकवण्या पहिल्यांदा एका जागी भेटल्या. समोरच्या ब्रह्मगिरीच्या अंगावर ते थर पायऱ्यांसारखे मोजता येत होते, आणि मला त्यांना इंग्रजीतून काही म्हणावंसं वाटलं नाही.

माळावर अंजनीचं देऊळ आहे, पण विमलला तिथे थांबायचं नव्हतं. "प्रकाश म्हणेल अर्ध्यावरून आलात." मग एका तळ्याच्या कडेनं गेलो. त्या तळ्याचा आकार पावलासारखा आहे, बाळ मारुतीनं सूर्याकडे उडी मारताना उमटलेलं पाऊल असं सांगतात. पाणी हिरवं आणि स्थिर होतं. पलीकडे कारवीची दाट झुडपं. ही कारवी कित्येक वर्षांतून एकदाच फुलते. आम्ही गेलो तेव्हा तिच्या नुसत्या काटक्या होत्या, पण काटक्यांतून जाताना कपड्यांना मधासारखा वास लागला. मग दुसरा चढ. तो खरा. तिथे मी दोनदा बसले. विमल एकदाच बसली, ते पण मी बसले होते म्हणून.

अगदी वरचं देऊळ लहान आहे. आत अंजनी आणि तिच्याजवळ बाळ मारुती. आपण मारुती नेहमी गदा घेतलेला, डोंगर उचललेला पाहतो. इथे तो आईजवळचं लहान मूल आहे. विमल बराच वेळ हात जोडून उभी राहिली. काय बोलली ते मी विचारलं नाही. बाहेर येऊन तिनं चारही दिशांना पाहिलं. एका बाजूला गंगापूर धरणाचं चकाकणारं पाणी, दुसरीकडे त्र्यंबक, त्याच्या मागे हरसूलच्या बाजूचे निळे, मग आणखी फिके निळे डोंगर.

"यातलं पुण्यातून काय दिसतं गं?" तिनं विचारलं.

 

आणि त्याच वेळी कठड्यावर ठेवलेली केळी-पेरूंची पिशवी गेली. मी "अगं!" म्हणेपर्यंत एक दांडगं माकड ती पिशवी घेऊन देवळाच्या मागच्या झाडावर बसलं होतं. आणखी सात-आठ जण कुठूनसे आले आणि पंगत सुरू झाली. पेरू तर त्यांनी एकेक घास घेऊन खाली टाकून दिले. विमलनं हात जोडले.

"मारुतीनं नैवेद्य घेतला."

"नैवेद्य दाखवायचा असतो," मी म्हटलं. "पिशवीसकट द्यायचा नसतो."

डबा मात्र माझ्या मांडीवर होता. मी झाकण उघडलं. खिचडी अजून कोमट होती, दाण्याच्या कुटाचा छान वास आला. विमलनं वाकून पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"हे हिरवं काय आहे?"

"कोथिंबीर."

"उपासाला?"

"आमच्याकडे चालते."

"आमच्याकडे चालत नाही."

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. उपास म्हणजे काही न खाणं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. उपास म्हणजे काय चालतं आणि काय चालत नाही याचा प्रत्येक घराचा वेगळा कायदा. बटाटा चालतो, रताळं चालतं, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, मिरची चालते. भात, डाळ, कांदा, लसूण चालत नाही. जिरं काही घरात चालतं, काहींत नाही. आणि कोथिंबिरीवरून तर सख्ख्या जावांत भांडणं झाली आहेत. सकाळी घाईत माझ्या हातानं सवयीनं कोथिंबीर चिरली आणि वरून पेरली. विमलच्या घरचा कायदा मला तीस वर्षं माहीत असून त्या हाताला आठवला नाही.

"विमल, बटाटा, मिरची, शेंगदाणे हे सगळं परदेशातून जहाजानं आलं," मी म्हटलं. "ते चालतं. आणि आपल्या परसातली कोथिंबीर चालत नाही?"

"तुझं इंग्रजी शिक्षण डोंगराच्या टोकावर कशाला काढतेस?"

"वेचून खा मग."

"लागलेली असते ना सगळीकडे." तिनं डब्याचं झाकण स्वतःच लावलं, हळूच, मला वाईट वाटू नये म्हणून. "मला चहा दे. पुष्कळ आहे तो."

ती चहा प्यायली. मी अर्धी खिचडी खाल्ली. मला भूक लागली होती आणि मी मारुतीला काही कबूल केलेलं नव्हतं. तेव्हाच मी एक फोटो काढला. रोल संपला की धुवून पाठवते. विमलच्या हातात थर्मासचं झाकण आहे, आणि मागे झाडावर माझी पिशवी आहे.

खाली

उतरताना माणूस सावध नसतो. चढण संपली, जिंकलो, असं वाटतं. विमल खिंडीतल्या पायऱ्या छान उतरली. पाय कुठेच डगमगला नाही. मी तर मनातल्या मनात प्रकाशला काय ऐकवायचं ते जुळवत होते. आणि मग पायऱ्या संपल्यावर, मोकळ्या सपाट वाटेवर, जिथे लहान मूलसुद्धा पडणार नाही, तिथे ती थांबली.

"सुधा, जरा बसते."

तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. ओठांवर घामाचे थेंब. ती दगडावर बसली आणि डोळे मिटून घेतले.

"पाय?"

"पाय ठीक आहेत. डोळ्यांपुढे अंधार येतोय."

आदल्या रात्रीपासून पोटात चहाशिवाय काही नाही, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पूर्ण डोंगर. मला स्वतःचा आणि तिचा, दोघींचा राग आला. प्रकाश पाच वाजता गावातल्या देवळापाशी गाडी घेऊन येणार होता. गाव अजून बरंच लांब होतं.

"मी जाऊन प्रकाशला घेऊन येते. गाडी इथपर्यंत येईल."

विमलनं डोळे न उघडता माझं मनगट पकडलं. "त्याला इथे आणलंस तर पुण्याचं सामानही तूच बांध."

"अगं पण अशी कशी चालणार तू?"

"चालेन. थोडं थांब."

मी थांबले. पाणी पाजलं. डबा उघडून पुन्हा पुढे धरला. तिनं मान हलवली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खाली, शेताच्या कडेला, सोनाबाईचं खळं दिसत होतं. झोडपण्याचा आवाज थांबला होता. चुलीचा धूर निघत होता.

"तिथपर्यंत," विमल म्हणाली आणि उठली. मी हात पुढे केला. तिनं तो पाहिला आणि धरला नाही. ती एका रेषेत, भरल्या कळशीसारखी स्वतःला सांभाळत, त्या खळ्यापर्यंत चालली. मी शेजारून, दोन्ही हात खाली ठेवून. इतका अवघड रस्ता मी आयुष्यात दुसरा चालले नाही, आणि तो उतारही नव्हता.

खळ्याच्या काठाला तिनं वाकून चपला काढल्या. त्या अवस्थेतही.

"आल्या का पैजेवाल्या!" सोनाबाई म्हणाली आणि मग तिनं विमलचं तोंड पाहिलं. "आगं बया. बस, बस हितं. काय खाल्लं का नाय?"

"उपास आहे माझा. शनिवार."

"उपास? डोंगर चढून?" तिनं कपाळाला हात लावला. "मंग उपासाला काय खात्यात तुमच्यात?"

"साबुदाणा, भगर..."

"भगर?" सोनाबाई सुनेकडे वळून हसायला लागली. "आयकलं का गं? शेरातल्या बाया भगर खाऊन उपास करत्यात. मंग आपला तर बारा महिने उपासच म्हनायचा! बस बाई. हांडीत भगरच हाय."

भगर म्हणजे वरईचा भात. आपण एकादशीला तुपात जिरं घालून करतो, आणि शहाण्यासारखं सगळं उपासाचं वेगळं ठेवतो. इथल्या डोंगरातल्या लोकांचं ते रोजचं अन्न. उतारावर दुसरं फारसं येत नाही म्हणून वरई आणि नागली. सोनाबाईनं जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, ताटलीत वाफाळता पांढरा भात वाढला. मोकळा, टपोरा. विमलच्या चेहऱ्यावर जीव आला. ती पहिला घास घ्यायला वाकली, आणि त्याच क्षणी सोनाबाईनं दुसऱ्या भांड्यातून पळीभर उडदाची आमटी सरळ त्या भातावर ओतली. लाल, दाट, वर लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या तरंगणारी.

डाळ. लसूण. विमलच्या घरच्या कायद्यात याहून मोठा गुन्हा नाही.

विमलनं ताटलीकडे पाहिलं. मग सोनाबाईकडे. सोनाबाईला काहीच माहीत नव्हतं. तिनं भात वाढला, भातावर आमटी घातली. दुसरं कुणी काय करतं? ती दुसरी पळी हातात धरून वाट पाहत होती, पुरे म्हणते का आणखी घालू. खळ्यावर सकाळपासून झोडपलेल्या नागलीची रास होती आणि त्या रासेसमोर विमल बसली होती.

विमलनं घास कालवला आणि तोंडात घातला.

मग दुसरा. मग तिनं सगळी ताटली संपवली, पुन्हा भात घेतला, पुन्हा आमटी घेतली, आणि शेवटी ताटली बोटानं पुसली. सोनाबाई खूश झाली. मलाही वाढलं. ती आमटी मी तुम्हाला शब्दांत देऊ शकत नाही. जिभेला आधी तिखट, मग धुराचा वास, मग उडदाचा तो बुळबुळीत गोडवा. मी तीन वेळा मागितली.

निघताना विमलनं पर्समधून सुई-दोरा काढला. सोनाबाईच्या पदराचा काठ फाटला होता. बोलता बोलता तिनं तो खळ्यावर बसूनच शिवून दिला. बारीक टाके, उलट बाजूला दिसणार नाहीत असे. सोनाबाईनं काठ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "पुन्यात कोन घालनार असे टाके? हितंच राहा."

वाटेत मला राहवेना.

"कोथिंबीर चालत नाही. लसूण चालतो."

"गप्प बस."

"चाळीस वर्षांचा उपास मोडलास."

"मोडला," ती म्हणाली. तिचा चेहरा मात्र मोडलेल्यासारखा नव्हता. "मी परत केलं असतं तर तिला काय वाटलं असतं? आणि उपास कुणाचा, मारुतीचा. जेवले कुठे? त्याच्या आईच्या दारात. आईच्या घरी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, हे त्याला मी सांगायला हवं?"

मुलांनो, यावर माझ्या इंग्रजी शिक्षणात उत्तर नव्हतं.

देवळापाशी

प्रकाशची मारुती गाडी देवळासमोर उभी होती. आम्हाला लांबून पाहून तो उतरला आणि तिथेच थांबला, पुढे आला नाही. मला वाटतं त्यालाही पाहायचं होतं. विमल शेवटचा रस्ता मान वर करून चालली. गाडीपाशी पोचली तेव्हा प्रकाशनं तिला वाकून नमस्कार केला.

"जिंकलीस, आई."

इथे मी तिच्या दंडाला हलकेच चिमटा काढला. तो चिमटा म्हणजे काय हे तिला चांगलं कळलं. पण विमल कुणालाही सगळं सांगते.

"मध्ये घेरी आली होती," ती म्हणाली. "बसले. मग एका बाईनं जेवायला घातलं, तेव्हा चालता आलं. हात कुणाचा धरला नाही. पण घेरी आली होती."

प्रकाशचा चेहरा बदलला. गाडी सुरू करून तो त्र्यंबक रस्त्याला लागला. मागे अंजनेरीवर ऊन उतरत होतं, कडा तांबूस झाला होता, आणि पैज हातची गेली या धास्तीनं मला त्या कड्याकडे बघवत नव्हतं. मग प्रकाश म्हणाला, "जेवलीस म्हणालीस. आज शनिवार."

"उडदाची आमटी," मीच सांगितलं. "लसूण घातलेली. दोन ताटल्या."

त्यानं आरशातून आईकडे पाहिलं. हा उपास कशासाठी आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. गाडी तो अगदी हळू चालवत होता.

"आई, तुझे पाय ठीक आहेत. ते मी मानलं. पण शनिवारी तू घरात एकटी अशी उपाशी राहून पडलीस, तर मला पुण्यात कोण सांगणार?"

खरं म्हणजे विमलचं घर त्याच एका प्रश्नावर अडकलं होतं.

"शनिवारी ती माझ्याकडे खाईल," मी म्हटलं. "दुपारी, मी समोर बसून. साक्षीदार मीच होते ना? मग जामीनही मीच."

"ती तुमच्याकडची खिचडी खात नाही मावशी. कोथिंबीर असते त्यात." हे त्यालाही माहीत होतं!

मागच्या सीटवरून विमल म्हणाली, "ते मी आणि सुधा बघू. तू समोर बघून गाडी चालव."

सातपूर ओलांडताना त्यानं मला सांगितलं की घरासाठी भाडेकरू बघायला लावलेल्या माणसाला तो उद्या नाही म्हणून सांगेल.

त्यानंतरच्या शनिवारी मी खिचडी केली. कोथिंबीर चिरून वेगळ्या वाटीत ठेवली आणि वाटी टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी. विमल आली, बसली. आधी माझ्या टेबलक्लॉथचा उसवलेला कोपरा बघितला. मग माझ्या पुढ्यातून हात लांब करून तिनं ती वाटी उचलली आणि सगळी कोथिंबीर स्वतःच्या खिचडीवर उपडी केली. मला एक पानही ठेवलं नाही.

तुमची,
आजी